दाजींचे डोळे आणि माझी यारी

गारखेडा, औरंगाबाद
११ फेब्रुवारी २०१३

चि. ज्ञानेश्वरी,

नऊ याऱ्या, सहा कडबाकुट्ट्या, अपंगांच्या चार तीनचाकी सायकली, झेडपीच्या शाळेची घसरगुंडी, टँकरच्या झडपा (त्या मोजणं सोडून दिलं), शेजारच्या सलूनची गोल फिरणारी खुर्ची, तुझ्या आईच्या घरचा लोखंडी जिना, आणि तू तिसरीत असताना तुला करून दिलेला कंपास, ज्याचं टोक लई धारदार आहे म्हणून तुझ्या बाईंनी तो जप्त केला. हे सगळं मी माझ्या हातानं केलं. कुणाचा नकाशा समोर ठेवून नाही आणि आयटीआयच्या बाकावर बसूनही नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात झाडू मारता मारता लेथ बघितली, बाकीचं लोखंडानं शिकवलं. यातली एकही वस्तू आजवर दुकानात परत आलेली नाही.

तुला हे माहीत आहे. तरी लिहिलं, कारण पुढचं वाचताना कोण लिहितंय ते तुझ्या ध्यानात राहावं.

यंदा पैठणच्या धरणात गाळ दिसायला लागलाय. शहराला नळ चार दिवसांनी, आणि बीड बायपासला मात्र रोज एक नवी बिल्डिंग. खेड्यात जो तो विहीर खोल करतोय. त्यामुळे यारीला मागणी आहे. विहिरीच्या काठावर ही उभी करतात, तिच्या तारेला लोखंडी डोल लटकतो, त्यातून खालचा दगड वर येतो आणि वरची माणसं खाली जातात. माणसांनी त्यात बसू नये असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, पण साठ फूट शिडी कोण उतरणार. हे तुला शिकवायला नको. तू पत्र तुझ्या मॅडमना दाखवलंस तर त्यांनाही कळावं, एवढ्यासाठी.

तर करमाडच्या पुढे एका विहिरीवर माझी नववी यारी लागली आहे. काम आप्पासाहेब ठेकेदाराचं. तिथं डोलात उतरणारा एक माणूस आहे, जुना, कसलेला. पंधरवड्यापूर्वी डोल तळाला टेकला, हा बाहेर पाय टाकायला गेला आणि दगडावर पडला. गुडघा फुटला, जास्त काही नाही. पण तेव्हापासून जेव्हा जेव्हा उतरतो तेव्हा तेव्हा भोवंडतो. आप्पासाहेब चार लोकांत म्हणाले, "रामप्रसाद, तुझी यारी वाकडी हाय. डोल भिंगरीवानी फिरतोय."

मी पाणसळ आणि ओळंबा घेऊन गेलो. खांब सरळ, ड्रम सरळ. डोल फिरतो हे खरं, पण तो सगळ्याच याऱ्यांचा फिरतो. वजन पडलं की तारेचा पीळ सुटतो. उतरणाऱ्यांना याची सवय असते. त्यांचा एक रिवाज आहे. डोल टेकला की लगेच उतरायचं नाही. आधी हात जोडून, हनुवटी छातीला लावून मान लववायची, विहिरीतल्या आसरांना, म्हणजे पाण्याच्या देवींना, नमस्कार करायचा, मग पाय बाहेर. तेवढ्यात गरगरणं उतरतं. हा माणूसही नमस्कार करतो, पण त्याचं उतरत नाही. विहिरीवरच्या बाया म्हणतात, आसरांनी त्याचा नमस्कार घेतला नाही.

तू कानाचं आणि चक्कर येण्याचं शिक्षण घेतेस, म्हणून विचारतो. सवयीच्या माणसाला भोवळ यायला डोल किती फिरावा लागतो? आकडा कळव. त्या हिशोबानं तारेला बेअरिंगची फिरकी बसवतो, म्हणजे पीळ तारेतच जिरेल आणि डोल सरळ जाईल.

बाकी सगळं ठीक. तुझी आई मजेत आहे. तुझे वडीलही बरे आहेत, तुझी विचारपूस करत असतात.

तुझा मामा,
रामप्रसाद


पुणे
१७ फेब्रुवारी २०१३

मामा,

नमस्कार. कंपास मला अजून आठवतो, आणि तुमच्या यारीवर माझा शंभर टक्के विश्वास आहे. आता खरं सांगा.

तुम्ही टँकरच्या झडपेबद्दल लिहिता तेव्हासुद्धा टँकर कुणाचा, ड्रायव्हर कुठला, सगळं लिहिता. या माणसाचं नाव तेवढं लिहिलं नाहीत. आणि आबा माझी "विचारपूस करत असतात"? आबांनी जन्मात मला एकच प्रश्न विचारलाय, "जेवली का?" मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "काय नाय गं, गुडघा खरचटलाय जरा." मी तर गुडघ्याचं नावही काढलं नव्हतं.

तो माणूस आबा आहेत.

रागावले नाहीये. माझी परीक्षा आहे म्हणून लपवलंत, कळतं. पण तुम्हाला हवा तो आकडा कुठल्याच पुस्तकात नाही, कारण प्रश्न डोल किती फिरतो हा नाहीये. फिरणं थांबल्यावर डोळे किती लवकर थांबतात, हा आहे.

डोकं एका बाजूला वळलं की डोळे आपोआप दुसऱ्या बाजूला सरकतात, म्हणून समोरचं चित्र जागेवर राहतं. आपण ते करत नाही, ते होतं. डोल गोल फिरून थांबला तरी मेंदूनं ते फिरणं थोडा वेळ साठवून ठेवलेलं असतं. डोळे सरकतच राहतात, आणि माणसाला वाटतं विहीर फिरतेय. आता कानाच्या आत आणखी एक सोय आहे. चुनखडीसारखे बारीक कण असतात, ते वजनानं झुकतात आणि जमीन कुठल्या बाजूला आहे ते सांगतात. तुमचा ओळंबाच समजा. या दोन्ही खबरा डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदूत एकत्र येतात. त्याच्या अगदी खालच्या, मधल्या भागात एक छोटासा उंचवटा आहे. डोळ्यांचं सरकणं ओळंब्याला धरून ठेवायचं काम त्याचं.

मान सरळ असते तोवर साठवलेलं फिरणं उभ्या खांबाभोवती आहे, ओळंब्याची त्याला हरकत नसते. मान लववली की तेच फिरणं आडवं होतं. म्हणजे माणूस कोलांट्या खातोय, अशी खबर. ओळंबा म्हणतो, खोटं आहे, हा तर वाकून गप उभा आहे. मग तो उंचवटा साठवलेलं सगळं पुसून टाकतो आणि डोळे थांबतात. आसरांच्या नमस्कारानं गरगरणं उतरतं ते असं. ज्यानं हा रिवाज पाडला त्याला हे शब्द माहीत नसतील, पण त्यानं स्वतःवर करून पाहिलं असणार.

बहुतेक आबांचं दुखणं कानातलंच असेल. आधी डॉक्टरकडे न्या. अजिबात ऐकलं नाही तर एक बघा. सलूनच्या खुर्चीत बसवून एकदाच हळू गोल फिरवा, थांबवा आणि डोळे पाहा. मग मान लववायला सांगून परत पाहा. शेजारी धरायला माणूस हवा. आणि समोर नजर रोखता आली तर डोळे लबाडीनं स्थिर होतात, म्हणून पूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देत तसला जाड भिंगांचा चष्मा लावा. त्यातून पेशंटला काही दिसत नाही आणि आपल्याला त्याचे डोळे मोठे दिसतात. आधी दुसऱ्या कुणावर करून बघा, म्हणजे नेहमीचं कसं दिसतं ते कळेल.

तोवर त्यांना विहिरीत उतरू देऊ नका.

तुमची,
ज्ञाना


गारखेडा
२५ फेब्रुवारी २०१३

चि. ज्ञाना,

होय, दाजीच. तुझ्या आईनं शपथ घातली होती, आणि ती माझी धाकटी असली तरी शपथ घालताना थोरली होते.

तुझं पत्र आलं तोवर मी फिरकी करून बसलो होतो. ट्रकच्या चाकातलं बेअरिंग, वर-खाली दोन कड्या, वेल्डिंग दोन पदरी. तारेला बसवली आणि डोलात दगड भरून सोडला. सरळ गेला, एक वेढा नाही. आप्पासाहेब काठावर उभे राहून बघत होते. मला वाटलं काम झालं. तू उतरू देऊ नको लिहिलं होतंस, पण माझी खात्री होती, आणि दाजींनाही उतरायचं होतं. कंबरेला दोर बांधून पाठवलं.

डोल फिरला नाही, ज्ञाना. तळाला टेकला, दाजींनी हात जोडले, मान लववली, आणि तसेच डोलाच्या कडेला धरून खाली बसले. वरून कुणीतरी ओरडलं, "दाजी, सकाळीच घेतली का?" सगळे हसले. दाजींनी आयुष्यात थेंबाला शिवलेलं नाही. वर आल्यावर म्हणाले, "आता मान हालवली तरी फिरतंय. डोलाची गरजच नाय राह्यली."

दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणतात, "गुडघा भरलाय, दवाखाना कामून?" तुझ्या आईनं आसरांना हिरव्या बांगड्या आणि नारळ बोलून ठेवलाय.

मग मी त्यांना दाढी करायला म्हणून गारखेड्याला आणलं. चष्म्यासाठी गल्लीतल्या भामाबाईंकडे गेलो. त्यांनी जुना चष्मा दिला, पण "माझ्या डोळ्यांवर कुनी हसायचं नाय" असं कबूल करून घेतलं. आधी माझा कारागीर कडुबा बसला. पन्नाशीचा गडी, खुर्चीत बसताना लग्नातल्यासारखा लाजला. फिरवला, थांबवला. त्याचे डोळे भिंगामागे हळूच एका बाजूला सरकायचे आणि खटकन परत यायचे, टाइपरायटरच्या गाडीसारखे. मान लववली तर डोळे कसे दिसणार? मी सलूनच्या जमिनीवर, लोकांच्या कापलेल्या केसांत, उताणा झोपलो आणि खालून पाहिलं. सरकणं विझत आलं होतं. मग कडुबानं मला फिरवलं. माझेही तसेच विझले, म्हणाला.

मग दाजी बसले. मी खाली झोपलो तर वरून विचारतात, "मेव्हणं, पाया पडाय लागले का काय?" सलूनवाला इतका हसला की त्यानं वस्तरा खाली ठेवला.

दाजींचे डोळे थांबले नाहीत. मान लववलेली, हात जोडलेले, आणि डोळे सरकतायत, खटकन येतायत, परत सरकतायत. भिंगातून ते केवढे मोठे दिसत होते. मी खाली पडून बघत राहिलो. दोनदा केलं, दोन्ही वेळा तसंच.

तुला खरं सांगतो. गेले पंधरा दिवस माझ्या मनात एकच होतं, की दोष यारीचा नाही हे सिद्ध व्हावं. ते झालं. त्या जमिनीवर पडल्या पडल्या मला वाटलं, यारीच वाकडी निघाली असती तर किती बरं झालं असतं. खांब वाकडा असता तर मी एका दिवसात सरळ केला असता.

याचा अर्थ काय ते कळव. कानातलंच आहे ना?

मामा


पुणे
१ मार्च २०१३

मामा,

हे कुरिअरनं पाठवतेय. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तुम्हाला सगळं कळलं असतं, आणि शेजारी आई असती तर तिलाही.

कानातलं नाही. मान लववून डोळे थांबत नाहीत म्हणजे पुसणारा बिघडला आहे. मी लिहिला होता तो लहान मेंदूतला उंचवटा. मग नुसती मान हलवल्याचं फिरणंही पुसलं जात नाही, म्हणून डोल न फिरताही त्यांना गरगरलं. तो का बिघडला ते बाहेरून सांगता येत नाही, फोटोच काढावा लागतो. कानातलं असेल असं मी मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ते तसंच असावं, अशी माझी इच्छा होती.

रक्ताची बारीक गुठळी असू शकते. गाठ असू शकते. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या, थांबू नका. सोबत डॉक्टरांसाठी वेगळी चिठ्ठी आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, पत्र मिळेल त्याच दिवशी. विहीर आता कायमची बंद, दोर बांधूनसुद्धा नाही.

आबा येणार नाहीत म्हणाल. त्यांना सांगा, ज्ञानाच्या परीक्षेसाठी डोक्याचा एक फोटो लागतोय, घरच्या माणसाचा. खोटं आहे, पण माझी परीक्षा म्हटलं की ते कुठंही येतील.

आईला अजून काही बोलू नका. आणि मामा, दोनदा कशाला केलंत? मी एकदा म्हटलं होतं.

ज्ञाना


गारखेडा
६ मार्च २०१३

चि. ज्ञाना,

गाठ नाही.

हे पहिल्या ओळीत लिहायचं असं मी दवाखान्याच्या जिन्यात बसूनच ठरवलं होतं. काल तुला फोनवर मी एवढंच बोलू शकलो आणि फोन कडुबाच्या हातात दिला. आता सविस्तर लिहितो.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी करमाडला गेलो. दाजी शेळ्यांना पाला टाकत होते. परीक्षेचं सांगितलं. त्यांनी हातातला पाला खाली ठेवला, पाय धुतले, तुझ्या आईला "पोरीचं काम हाय" म्हणाले आणि गाडीवर बसले. रस्ताभर एकच विचारलं, "फोटूला टोपी चालती का?"

डॉक्टर वयानं माझ्याएवढे. चिठ्ठी दोनदा वाचली. दाजींना खुर्चीत फिरवलं, मान लववायला लावली, त्यांच्याकडचा चष्मा भामाबाईंच्यापेक्षा बरा होता, त्याला आत दिवे होते. मला म्हणाले, "मुलीनं बरोबर ओळखलंय. आता कारण शोधू." मी सलूनमध्ये केलेलं सांगितलं. ते हसले, पण नंतर म्हणाले की दोर बांधून विहिरीत उतरवलं ते चुकलं. मी ऐकून घेतलं. मला कुणी चुकलं म्हटलेलं चालत नाही, ते तुला माहीत आहे. ऐकून घेतलं.

फोटोच्या मशिनच्या खोलीत लोखंड चालत नाही. दरवाजावरच्या माणसानं मला खिसे रिकामे करायला सांगितले. पाना, टेप, तीन नट, वॉशर, एक बेअरिंग. तो म्हणाला, "काका, तुम्ही बाहेरच बसा." बाहेरून मशिनचा आवाज येत होता. मी काही मनात आणणार नव्हतो, तरी आलं. तुझ्या आईचं लग्न आलं, त्यात दाजींनी माझ्याकडे मागितलेली एकच वस्तू, पाण्याच्या घागरीसाठी लोखंडी तिवई. ती मी अजून केलेली नाही, हेही आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावून दाखवला. तू लिहिला होतास तिथंच, खाली, मधोमध, पांढरा ठिपका. बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकून तेवढी जागा सुकली आहे. मी विचारलं किती. सात मिलीमीटर. मी म्हटलं, आजूबाजूला? आजूबाजूला काही नाही. पसरणार? नाही, हे पसरणारं नाही. परत दुसरी गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या. ब्लडप्रेशर फार वाढलेलं होतं, आयुष्यात कुणी मोजलंच नव्हतं. डोळे हळूहळू सुधारतील, मेंदूचा शेजारचा भाग ते काम अंगावर घेतो म्हणाले. ऑपरेशन नाही.

मी "बरं" म्हटलं, बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. तो जिना चुकीचा बांधलाय, तिसरी पायरी बोटभर उंच आहे. मी बराच वेळ तीच पायरी बघत होतो.

तुझ्या आईला घरी जाऊन सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग मला बोलली, मग चहा टाकला. या क्रमानं.

दाजी सांगतात ते जसंच्या तसं लिहितो: "ज्ञाना, तुझ्या परीक्षेचा फोटू दिला. म्या आजाबात हाललो नाय. लई आवाज करतं ते मशिन, कंप्रेसरवानी. मार्क किती पडले ते कळव. जेवली का."

मामा


पुणे
१२ मार्च २०१३

मामा,

जेवले. परवापासून नीट जेवतेय. आबांना सांगा, पैकीच्या पैकी मार्क पडले.

तुमचा फोन आला तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "गाठ नाही" ऐकल्यावर मी सगळे कपडे परत बादलीत टाकले आणि पुन्हा एक एक वाळत घातले. का ते विचारू नका. मैत्रीण म्हणाली, तुझा मामा फोनवर एवढाच बोलतो? म्हटलं, तो पत्रात बोलतो.

आता कामाचं. आबांना रोज करायचे व्यायाम वेगळ्या कागदावर लिहिलेत. हाताचा अंगठा समोर धरून त्याच्यावर नजर ठेवायची आणि डोकं हळू डावी-उजवीकडे करायचं, मग वर-खाली. आधी बसून, मग उभं राहून. सुरुवातीला गरगरेल, तरी सोडायचं नाही. त्यातूनच शेजारचा भाग शिकतो. अंधारात आणि खडबडीत जागी काठी हवी, कारण अंधारात डोळ्यांचा आधार जातो. शेळ्यांमागे जाऊ दे, उलट चांगलं. विहीर मात्र नाही.

आणखी एक. फिरकी बसवलीत ते उत्तम, डोल सरळ जातो हा माणसांच्या फायद्याचाच भाग आहे. पण उतरणाऱ्यांना सांगा, नमस्कार सोडू नका. मान लववून ज्याचं गरगरणं उतरत नाही, तो माणूस आजारी आहे, हे काठावरच्या माणसांना वरूनच कळेल. त्याला परत विहिरीत उतरवायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

आई फोनवर म्हणाली, आसरांनी नमस्कार घेतला नाही ते खरंच होतं. मी भांडायच्या तयारीत होते. तर म्हणते, "त्यांनी घेतला असता तर तुझा बाप दवाखान्यात गेला असता व्हय?"

तिवई करा आता.

ज्ञाना


गारखेडा
९ जून २०१३

चि. ज्ञाना,

पास झाल्याचं पेढ्यांच्या आधी दाजींनी सगळ्या करमाडला सांगितलं. मी दुकानात पेढे वाटले ते वेगळे.

दाजींची तब्येत लिहितो. काठी फक्त अंधार पडल्यावर. अंगठ्याचा व्यायाम करताना गल्लीतली पोरं विचारतात, "आबा, लिफ्ट मागताय का?" भराभर मागं वळले तर अजून तोल जातो, म्हणून कुणी हाक मारली की आता सबंध माणूस वळतो, सरपंचासारखा. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी परत खुर्चीत फिरवलं. मान लववल्यावर डोळे थांबायला लागलेत, पूर्वीइतके पटकन नाही, पण थांबतात. डॉक्टरांनी मला पण बघू दिलं. या वेळी जमिनीवर झोपावं लागलं नाही.

परीक्षेच्या फोटोचं खोटं मी शेवटी त्यांना सांगून टाकलं. म्हणाले, "मला ठावं व्हतं. कंच्या परीक्षेला बापाच्या डोस्क्याचा फोटू लागतोय? पर पोरगी घाबरली असल्याबिगर खोटं बोलायची नाय, म्हनून गेलो." म्हणजे आपण तिघंही एकमेकांपासून लपवत होतो आणि त्यात सगळ्यात शहाणे तेच.

आता यारीवर ते वर बसतात, ब्रेकवर. उतरणाऱ्या प्रत्येकावर नजर असते. डोल टेकला की वरून आवाज, "मान लवव. उतरलं का? मगच पाय." परवा एक नवीन गडी म्हणाला, "दाजी, मी आसरा मानत नाय." दाजी म्हणाले, "मग मला नमस्कार कर, पर मान खाली घाल."

पण गावात गोष्ट वेगळीच पसरली. लोक दाजींचं नाव घेऊन सांगतात, बिरूला डोलात भोवळ यायची, रामप्रसादनं फिरकी बसवली, बिरू बरा झाला. दवाखाना, गोळ्या, सात मिलीमीटर, यातलं काही कुणाच्या तोंडी नाही. करमाडच्या बाजारात मला दोन अनोळखी माणसांनी हात जोडले. एका म्हातारीनं स्वतःच्या चक्करवर फिरकी मिळेल का विचारलं. खरं सांगू का, पहिले दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. चांगलं वाटत होतं.

मग आप्पासाहेब दुकानात आले. पावसानं जोर धरेपर्यंत त्यांना पाच विहिरी उरकायच्यात, आणि त्यानंतर शहरात दोन मोठ्या बिल्डिंगांचे पाये. दाजी पडल्यापासून डोलात उतरायला माणसं कचरतात. कडुबानं स्टूल दिलं, पण ते दुकानातल्या नव्या, अर्धवट यारीच्या खांबाला टेकून उभेच राहिले.

"रामप्रसाद, वाकडी म्हनलो ते मागं घेतो. आठ याऱ्या टाक. फिरकीसकट. आन् प्रत्येकीवर बोर्ड लाव, रामप्रसाद फिरकी यारी, चक्कर अजिबात येणार नाही. बिरू तिथं बसून लोकांना सांगंल, मी बरा झालो."

मी म्हटलं, "फिरकीनं डोलाचं फिरणं थांबतं. दाजींना चक्कर डोल न फिरताही येत होती, तुम्ही काठावर उभे होता."

"आरं, कशानं बरा झाला त्यानं कुनाला काय फरक पडतो? नाव तर तुझंच होतंय."

"उद्या तसलाच दुसरा निघाला, मान लववूनही उतरत नाही म्हणाला, तर तुम्ही बोर्डाकडं बोट दाखवाल. नाटक करू नको, उतर म्हणाल."

त्यांनी खांबावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी तसं म्हननार नाय." आणि लगेच, "मुकादम म्हनंल, त्याचं मी काय सांगू." हा माणूस वाईट नाही, ज्ञाना. त्याला विहिरी उरकायच्या आहेत.

मी म्हटलं, बोर्डाशिवाय आठ करून देतो, फिरकीसकट, आणि फिरकी काय करते तेवढंच लिहितो. ते म्हणाले, "बोर्डाशिवाय मला जालन्यातनं स्वस्त पडतात." हेही खरं आहे.

कडुबा ग्राइंडर बंद करून ऐकत होता. आप्पासाहेब गाडीत बसताना काच खाली करून म्हणाले, "आजून इचार कर. नुसत्या चार शब्दांचा प्रश्न हाय." मी म्हटलं, विचार केला. ते चार शब्द खोटे आहेत, आणि माझ्या दुकानातून खोटी वस्तू बाहेर गेलेली नाही.

दुपारी मी तिवई वेल्ड केली आणि संध्याकाळी करमाडला नेऊन दिली. तुझ्या आईनं तिच्यावर घागर ठेवून बघितली. डुगडुगत नाही.

तुला सगळं नेमकं कळवतो, म्हणून हेही कळवतो. आठ याऱ्या, फिरकीसकट, अर्धे पैसे आगाऊ, आणि प्रत्येक खांबावर माझं नाव, ज्या दुखण्याला माझा हात लागलेला नाही ते बरं केल्याबद्दल. मी नाही म्हणालो. नऊ लाख साठ हजार रुपये.

तुझा मामा,
रामप्रसाद